भरधावराव

कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीत जा, एक भरधावराव सापडतातच. आमच्याकडचे बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. वय साठीच्या पलीकडचं, अंगात टी-शर्ट आणि अर्धी विजार, गाडी पांढरी. हातात किल्ली आली की चेहऱ्यावर मोहिमेवर निघाल्याचा भाव येतो आणि ते दूध आणायला निघतात.

सरकारी नोकरीत असताना त्यांच्या टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलावर जायला एक पावसाळा उलटायचा, असं त्यांचेच जुने सहकारी सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी तो सगळा अनुशेष रस्त्यावर भरून काढायला घेतलाय. आता ऑफिस नाही, मस्टर नाही, साहेब नाही. घाई तेवढी आहे.

सोसायटीपासून चौकापर्यंतचा आमचा रस्ता जेमतेम दीड किलोमीटरचा. त्यावर दोन शाळा, एक मंगल कार्यालय, एक मारुती आणि मारुतीसमोर गप्पा मारत रस्ता ओलांडणारे ज्येष्ठ नागरिक. खांबावर लाल वर्तुळात 30 हा आकडा. तो किमान वेग असावा, अशी भरधावरावांची प्रामाणिक समजूत आहे. ते 60ला टेकल्याशिवाय गाडी ‘चालली’ असं मानत नाहीत. हिशेब सोपा आहे. 30च्या वेगाने तीन मिनिटं, 60च्या वेगाने दीड. म्हणजे नव्वद सेकंदांची निव्वळ बचत. ही कमाई घेऊन ते चौकात पोचतात, तर तिथे सिग्नल नुकताच लाल झालेला असतो आणि उलटे आकडे सुरू असतात: नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. भरधावराव एकेका आकड्याला हॉर्न देतात. तेवढ्यात ए विंगमधल्या मावशी स्कूटरवरून निवांत येऊन त्यांच्या खिडकीशी थांबतात आणि विचारतात, “काय, फिरायला का?” कुठल्याही दंडापेक्षा हा प्रश्न त्यांना जास्त लागतो.

शेजारच्या सीटवर बसणाऱ्या वहिनींचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक पाय अदृश्य ब्रेकवर दाबून दाबून मजबूत झालाय. त्या म्हणतात, “अहो, जरा हळू.” ते म्हणतात, “अगं, हळूच चाललोय. रस्ताच पटापट मागे जातोय, त्याला मी काय करू?”

सोसायटीत पदार्थविज्ञानाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी एकदा लिफ्टपाशी गाठून समजावलं, की 60च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे समोरचं पोर दिसून पाय ब्रेककडे वळेपर्यंतच गाडी तेवढी पुढे गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. भरधावरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो बाई, म्हणून तर मी ब्रेकच लावत नाही.”

लग्नाच्या पंगतीत भरधावराव खरे खुलतात. मुंबईहून आलेला पाहुणा दिसला की त्याच्या तब्येतीची चौकशी नंतर, आधी प्रश्न: “किती वाजता निघालात?” पाहुण्याने काहीही सांगितलं तरी भरधावराव त्याच्यापेक्षा चाळीस मिनिटं आधी पोचलेले असतात. एक्स्प्रेसवेवर कारला ताशी 100ची मर्यादा आहे, तेव्हा त्यांचा विक्रम ऐकून गणित जमेनासं होतं. पण त्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यात फूडमॉलचा वेळ धरायचा नाही, टोलचा धरायचा नाही, घाटातला ट्रॅफिक तर अजिबातच नाही. राहिलेला वेळ म्हणजे प्रवास. या पद्धतीने मीही काशीला तासाभरात जाऊन येईन.

मोबाइलवर ई-चलानाचा मेसेज येतो तेव्हा ते प्रथम फोटो मोठा करून बघतात. नंबरप्लेट स्वच्छ दिसते, याचं त्यांना वाईट वाटतं. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कारच्या अतिवेगाला हजार ते दोन हजारांचा दंड आहे. तो लगेच भरणं त्यांना अपमानास्पद वाटतं. एरवी सेकंदासाठी जीव टाकणारा हा माणूस, दंडात काही सूट मिळेल या आशेने लोक अदालतीची महिनोन्‌महिने वाट बघतो.

कोणी म्हणेल, त्यांना समाजाची पर्वाच नाही. चूक. पुढच्या वळणावर स्पीडगन घेऊन पोलीस उभे दिसले, की समोरून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी गाडीला ते डिप्पर मारून सावध करतात. इतकी निरपेक्ष सेवा त्यांनी नोकरीतही कधी केली नव्हती.

या घराण्याचा कुलवृत्तांत कोणी लिहिला, तर मूळपुरुष म्हणून इंग्लंडच्या वॉल्टर अर्नोल्ड यांचं नाव घालावं लागेल. 1896मध्ये केंट परगण्यातल्या पॅडॉक वुड गावातून त्यांनी ताशी 2 मैलांची मर्यादा असताना 8 मैलांनी मोटार पिटाळली. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडलं आणि एक शिलिंग दंड झाला. हे भरधावरावांना सांगितलं, तर त्यांना आदर वगैरे काही वाटला नाही. म्हणाले, “सायकलवाल्याला गाठू दिलं? काय ड्रायव्हिंग हे!”

आणि याच भरधावरावांनी गेल्या वार्षिक सभेत उभं राहून मागणी केली, की आपल्या गेटसमोर गतिरोधक हवा. नातवाची स्कूलबस तिथेच थांबते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. “लोक काय बेफाम चालवतात हो! माणसांचं वस्तीत राहणं मुश्कील झालंय.” आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिलो. अर्ज त्यांनीच लिहिला, सह्या त्यांनीच गोळा केल्या, क्षेत्रीय कार्यालयात खेटे त्यांनीच घातले. फाइल कुठल्या टेबलावर का झोपते याची जाण असल्यामुळे त्यांनी ती तीन आठवड्यांत हलवली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी ताशी 25 किलोमीटरने अलगद वरून जाते. आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसांनी एका रात्रीत डांबराचा जो उंचवटा थापला, त्याला रुंदी नव्हती आणि पांढरे पट्टेही नव्हते. उंची मात्र भरपूर होती. भरधावराव तो रोज मोठ्या मायेने, पहिल्या गिअरमध्ये, तिरकी गाडी घालून ओलांडतात. मग तिथे गेलेला वेळ भरून काढायला असा काही ॲक्सिलरेटर दाबतात, की पुढच्या सोसायटीपर्यंत गाडी 70ला पोचलेली असते.

त्यामुळे आता पुढच्या सोसायटीनेही गतिरोधकासाठी अर्ज केलाय.

परवा सकाळी सातला माझी बेल वाजली. दारात भरधावराव, हातात कागद, पाय जागच्या जागी हलतायत. पुढच्या सोसायटीच्या गतिरोधकाला हरकत घेणारं निवेदन होतं. “रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे? उठसूट गतिरोधक! जाणाऱ्या-येणाऱ्यांनी करायचं काय?”

मी म्हणालो, “बसा, चहा घ्या, वाचून सही करतो.”

“वाचताय काय?” त्यांनी पेन पुढे केलं. “दूध आणायचंय हो. गाडी खाली चालू ठेवून आलोय.”