चारशे ग्रॅमची फरशी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारची एक फरशी अशी आहे, की तिच्यावर वजनकाटा ठेवला तर वजन चारशे ग्रॅम कमी भरतं. शोध माझाच. त्या फरशीवर, बांगड्या काढून, श्वास रोखून उभी राहिले, तरी तीन महिन्यांत उतरले सातशे ग्रॅम. त्यातले चारशे फरशीचे.

आणि हे रोज पहाटे पर्वती चढून! पायऱ्या 103. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर बसकण मारली. फुलांची परडी घेतलेल्या एक आजी म्हणाल्या, "बस गं बाई, देव काही पळून जात नाही." त्या दर्शन घेऊन परतल्या, तरी मी चाळिसावीवरच.

तक्रार घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी काट्याऐवजी टेप काढली. कंबर 94 सेंटिमीटरवरून 89! (आपल्याकडे बाईची 80च्या आत हवी, हे त्यांनी लगेच ऐकवलंच.) म्हणाल्या, "पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3. पण चरबी? याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटोच आला होता." थोडक्यात, काटा पुणेकरांना आधीपासूनच फसवतोय, माझी फरशी उगाच बदनाम.

मग कळलं, की चरबी म्हणजे नुसती अडगळ नव्हे, ती संप्रेरकंही सोडते. 1994 साली सापडलेलं लेप्टिन मेंदूला सांगतं, 'पुरे!'

"मग माझ्याकडे इतकं लेप्टिन असून मला पुरे का होत नाही?"

"सारखं तेच ऐकून मेंदू लक्ष देईनासा होतो."

हे तत्काळ पटलं. 'पंखा बंद करा' हे मी घरात वीस वर्षं ओरडतेय.

दुसरं अॅडिपोनेक्टिन. ते इन्सुलिनला हात देतं, पण चरबी वाढली की स्वतःच रोडावतं. व्यायामानं पोटातली चरबी उतरू लागली की लेप्टिनचा गलका कमी होतो. काटा ढिम्म असला, तरी स्नायू साखर उचलू लागतात.

दुसऱ्या दिवशी तोऱ्यात, न थांबता चढले. नव्वदाव्या पायरीवर सलवार एकदम सैल वाटली. नाडी सवयीनं जुन्याच मापाला बांधलेली! दोन्ही हातांनी कंबर धरून मटकन खाली बसले.

वरून आजी उतरत होत्या. त्यांनी परडी ठेवली, बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आज पुष्कळ वर आलीस हो."