ऊंधी फाइल

परदेशी नवरा मिळवणाऱ्या मुलीचा सुरतेत हेवा केला जातो, असा माझा रास्त समज होता. अडाजणपासून वराछापर्यंत दर दुसऱ्या इमारतीवर ‘स्टुडन्ट व्हिसा, वर्क परमिट, पीआर’ अशा पाट्या मिरवणारं हे गाव. इथं पोरगं बारावीला गेलं की आयेल्ट्सचा क्लास लागतो. अशा गावात मी अख्खा बेल्जियन माणूस मिळवला होता, तोही एजंटाला एक रुपया न देता. मिरवणूक निघाली नसती तरी चाललं असतं, पण निदान गल्लीतल्या खिडक्या उघडाव्यात एवढी अपेक्षा होती.

खिडक्या उघडल्या, पण सांत्वनाला. समोरच्या मासींनी विचारलं, “क्यारे जाय छे?” मी म्हटलं, जात नाही, तोच इथं राहायला येतोय. मासींनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि आईचा हात दाबत म्हणाल्या, “कंई वांधो नहीं, थई जशे.” पुढं एका व्हिसा एजंटाकडे चौकशीला गेले, तर तो फाइल मिटून म्हणाला, “बेन, आ तो ऊंधी फाइल छे.” ऊंधी म्हणजे उलटी. त्याच्या शास्त्रात माणसं फक्त जातात. कुणी सुरतेला येऊ बघतंय म्हणजे आधी त्याची तब्येत दाखवून घ्यायला हवी.

एक लहानसा आधार होता. बेल्जियम म्हटलं की सुरतेला एकच गाव ठाऊक, अँटवर्प, आणि तिथला एकच धंदा. नवरा गेंटचा असून रेपियर मागांचा फिटर आहे, आमच्या मिलचे माग बसवायला आला होता, हे मी शक्य तितकं उशिरा सांगायची. समोरच्याच्या चेहऱ्यावर हिरे चमकताहेत तोवर चमकू द्यायचे.

बाकी कागदपत्रांची मला भीती नव्हती. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी लोकांचे रेशन कार्डापासून पासपोर्टापर्यंतचे फॉर्म मीच भरलेत. चौकटीबाहेर रेघ नाही, खाडाखोड नाही. आपलं तर प्रेमाचं लग्न, त्याला किती कागद लागणार?

पहिल्यांदा कळलं ते हे, की लग्न लागलेलंच नाही. हॉल झाला, मंगलाष्टकं झाली, अमळनेरचे मामा रुसून मानले, सगळं झालं. पण हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. आम्हाला १९५४चा विशेष विवाह कायदा. त्यात लग्नाची नोटीस तीस दिवस फळ्यावर राहते, कुणाचा आक्षेप असेल तर त्यानं नोंदवावा म्हणून. मी मधूनमधून जाऊन फळा बघून यायची. आक्षेप एकही नाही! कॉलेजात माझ्यामागं सायकल घेऊन हिंडणारा मुलगा त्याच रस्त्याला मोबाइलचं दुकान टाकून बसलाय. त्यालाही दोन ओळी खरडाव्याशा वाटल्या नाहीत. सरकारी शिक्क्यानिशी झालेला माझा हा पहिला अपमान. मग तीन साक्षीदार नेले, सह्या केल्या आणि त्याच माणसाशी दुसऱ्यांदा लग्न केलं.

या दुसऱ्या लग्नावरून मी कुरकुरत होते, त्या दिवसांत मला हॉकिन्स सापडला. तेव्हापासून मी भेटेल त्याला हॉकिन्स सांगते, त्यामुळे तुमचीही सुटका नाही.

विल्यम हॉकिन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान ऑगस्ट १६०८मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला उतरला. पोर्तुगीज टपलेले, मुघल अधिकारी मुकर्रबखान माल अडवून बसलेला, म्हणजे कामकाज नेहमीसारखं चालू होतं. कंटाळून हा आग्र्याला गेला. त्याला तुर्की येत होतं, त्यामुळे जहांगीर दुभाष्याशिवाय त्याच्याशी गप्पा मारू लागला, आणि बादशहाला माणूस आवडला. त्यानं त्याला चारशे स्वारांची मनसब दिली, ‘इंग्लिश खान’ म्हणायला सुरुवात केली आणि हा परत जाऊ नये म्हणून बायकोही देऊ केली. आमच्याकडे व्हिसासाठी लग्न केल्याचा संशय घेतात. इथं खुद्द बादशहा माणसाला देशात ठेवून घ्यायला लग्न लावून देत होता! हॉकिन्सनं अट घातली, मुलगी ख्रिस्ती हवी. त्याला वाटलं, मिळणार नाही, सुटलो. बादशहानं मुबारकशाह नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती माणसाची मुलगी शोधून काढली. पाद्री नव्हता, म्हणून हॉकिन्सच्या निकोलस नावाच्या नोकरानंच लग्न लावलं. पुढं कंपनीच्या जहाजावरून खरा पाद्री आला आणि म्हणाला, हे लग्न चालत नाही. हॉकिन्सनं त्याच बाईशी दुसऱ्यांदा लग्न केलं.

हे वाचलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. चारशे वर्षांत पद्धत बदललेली नाही, ही बातमी सकाळपर्यंत थांबण्यासारखी नव्हती.

पुढची गोष्ट मात्र त्या रात्री मी त्याला सांगितली नाही. मुलीला देशाबाहेर न्यायला तिच्या माहेरच्यांचा विरोध होता. हॉकिन्सनं गोव्याला जातो अशी थाप मारली, पोर्तुगिजांकडून कागदही गोव्याचे काढले आणि १६१२च्या जानेवारीत सुरतेजवळच्या समुद्रात उभ्या असलेल्या इंग्रजी जहाजावर तिला चढवलं. वाटेतच तो मेला. लंडनमध्ये तिनं टॉवरसन नावाच्या दुसऱ्या कप्तानाशी लग्न केलं. तो तिला १६१७मध्ये हिंदुस्थानात घेऊन आला आणि परत जाताना इथंच ठेवून गेला. मग ती कंपनीच्या लोकांपुढं खर्चासाठी हात पसरत राहिली. हॉकिन्सच्या वृत्तांतात बादशहाच्या हत्तींची, घोड्यांची, जवाहिरांची यादी आहे. बायको मात्र ‘मुबारकशाहची मुलगी’ एवढीच. इतिहासकार तिला मरियम म्हणतात. तिचे कागद प्रत्येक वेळी नवऱ्याच्या खिशात होते.

असो. आमच्या घरी कागद माझ्या खिशात. परदेशी माणूस घरी उतरला की तेव्हा चोवीस तासांत पोलिसांना ‘सी फॉर्म’ कळवावा लागायचा. जावई उंबऱ्यावर उभा, आईच्या हातात ओवाळणीचं ताट आणि माझ्या हातात मोबाइल. “जावईबापू, पासपोर्टचं पहिलं पान जरा सरळ धरा,” असं म्हणत आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मग एंट्री व्हिसा. यासाठी मी एक निवेदन लिहिलं. आमची ओळख कशी झाली, मागाच्या खडखडाटात त्यानं पहिल्यांदा माझं नाव कसं चुकीचं उच्चारलं, पावसात उधना स्टेशनवर काय झालं, सगळं. माझ्या मते ते माझं आजवरचं सर्वोत्तम ललित. शिवाय इंग्रजी सिनेमे बघून आम्ही मुलाखतीची तयारी केली होती. कुठला टूथब्रश कुणाचा, कोण घोरतं, सासूचा वाढदिवस कधी. खिडकीवरच्या माणसानं निवेदन दोन बोटांत धरून परत दिलं. “आ नथी जोइतुं, बेन. लाइट बिल आपो.” टूथब्रशचा विषय निघालाच नाही.

निवेदनाला एकच वाचक मिळाला, घरी चौकशीला आलेला हवालदार. तो चहा पिता पिता शेवटच्या पानापर्यंत गेला आणि म्हणाला, “बहु लांबुं छे.” मग त्यानं समोरच्या मासींना विचारलं, ही दोघं खरोखर एकत्र राहतात का? माझा जीव टांगणीला. मासी ओट्यावरून ओरडल्या, “अरे साहेब, रोज झगडे छे! सांजे टीवी पण संभळातुं नथी!” हवालदारानं समाधानानं वही मिटली. माझ्या साहित्यानं जे साधलं नाही ते आमच्या भांडणानं साधलं.

पण भांडणाचं तेवढं सोपं नाही. परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’चं कार्ड मिळायला लग्नाची नोंद होऊन ते दोन वर्षं टिकावं लागतं, आणि पुढं घटस्फोट झाला तर कार्ड जातं. कार्ड येईतो या व्हिसावर उठून पगाराची नोकरी धरता येत नाही, म्हणून हा मागांचा फिटर दोन वर्षं गल्लीतले मिक्सर दुरुस्त करत बसला, फुकट. रात्री वाद पेटला की आम्ही दोघंही जाणून असतो, याचं या देशात राहणं माझ्या सहीवर आहे. मी ते कधी बोलून दाखवत नाही. पण भांडण मधेच सोडून तो गप्प होतो, तेव्हा माझं म्हणणं पटलं म्हणून गप्प झाला की अर्ज डोळ्यापुढं आला म्हणून, हे मला कळत नाही. सरकारनं माझ्या हातात दिलेला हा अधिकार मला नको होता. नवऱ्याशी बरोबरीनं भांडता यावं, एवढ्यासाठी तर प्रेमविवाह केला.

शिवाय पुरावे मागायचे तर सगळ्यांनाच मागा. आईबाबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे, त्यातही दोघांच्या मधे मामा उभा. पहिली काही वर्षं बाबा सुरतेत पाळीवर आणि आई अमळनेरला, ताप्ती लाइनवर सणापुरती जा-ये. पत्रं नाहीत, एकत्र खातं नाही, एकमेकांची नावं घेतली ती फक्त उखाण्यात. कुठल्याच खिडकीवर हे लग्न पास झालं नसतं. आणि बाबा आजारी पडले तेव्हा हीच आई रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होती, तिथं तिला कुणी सर्टिफिकेट विचारलं नव्हतं.

यथावकाश कार्ड आलं. आता आई जावयाचं गाव बघायला गेंटला निघालीय आणि तिची फाइल जावई करतोय. ती सरळ फाइल आहे, त्यामुळे मासींचा जीव भांड्यात पडलाय. फक्त शेंगेनवाल्यांना हवंय, या बाई परत येतील याची खात्री काय? आई भडकली. “परत नाही येऊ तर काय तिथं धुणी धुवू? एप्रिलात बिबड्या घालायच्यात, लिही त्यांना.” जावई मुकाट्यानं लिहायला बसला. मी म्हटलं, आण इकडं, हे नीट मांडायला हवं, मी लिहिते. दोघं एका सुरात म्हणाली, “नको!”