हॉप्या

त्याचं खरं नाव आता आधारकार्डावर आणि आईच्या तोंडी एवढंच उरलंय. आमच्या कट्ट्यावर तो हॉप्या. बारसं झालं पुण्यातल्या एका परमिट रूममध्ये. म्युनिकहून नुकताच परतलेला हा गृहस्थ पहिला घोट घेऊन, दाढ दुखताना मिठाचं पाणी फिरवतात तसा तो तोंडभर फिरवून, डोळे मिटून वेटरला म्हणाला, "हॉप्स कमी पडल्यात." हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. वेटर प्रामाणिक. आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, संपल्यात. शेंगदाणे आणू?"

कंपनीने त्याला म्युनिकला पाठवलं होतं पंधरा दिवसांसाठी. राहिलेली चाळीस वर्षं तो पुण्यात आहे, पण ऐकणाऱ्याला हिशेब उलटा वाटतो. जाण्यापूर्वी तो आमच्यासारखाच होता. जी सगळ्यात गार ती चांगली. आता बाटलीवर बर्फाचा थर दिसला की कळवळतो. "अरे, इतकी गार केलीत तर जीभ बधिर होते, चव काय कळणार?" हे त्याचं शंभर टक्के खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या त्याच भरवशावर विकल्या जातात, हेही खरं.

त्याच्याबरोबर बिअर शॉपीत जाणं म्हणजे स्थळ बघायला जाणं. बाटली उलटी-सुलटी करून तो मागची बारीक अक्षरं वाचतो. सातूचं माल्ट, ठीक. पुढे तांदूळ, मका, साखर दिसली की पत्रिका परत. "ही बिअर नाही, खिचडी आहे." काउंटरमागचा पोरगा तोवर तीन गिऱ्हाइकं करतो. मग हॉप्या त्याला १५१६ सांगतो. त्या साली बव्हेरियात फर्मान निघालं, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी, चौथं काही नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काम करतं हेच तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. हॉप्या हे फर्मान ज्ञानेश्वरीसारखं उद्धृत करतो. वाचलेलं मात्र नाही.

मी वाचलं. (सूड म्हणून.) त्या फर्मानाची सुरुवातच भावाने होते. हिवाळी हंगामात एका मापाला एका फेनिगपेक्षा जास्त घ्यायचा नाही, उन्हाळ्यात दोनपेक्षा नाही. घटकांचं ते सुप्रसिद्ध वाक्य मागाहून येतं. सातूच वापरायचा यामागेही चवीपेक्षा पोटाची काळजी असावी असं म्हणतात. गहू आणि राय भाकरीवाल्यांना पुरले पाहिजेत. म्हणजे ज्याच्या जोरावर हॉप्या महागाची बाजू लढवतो, तो कागद मुळात स्वस्ताईचा. आणि हॉप्याची सगळ्यात लाडकी बिअर कोणती? हेफेवायझेन. गव्हाची.

हे त्याला सांगितल्यावर तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी जपानी बिअर घेऊन आला. "बघ, किती स्वच्छ, कोरडी!" मी मागची अक्षरं वाचली. तांदूळ आणि मका. तांदूळ मावळातला असला की भेसळ, जपानातला असला की संस्कृती.

त्याचा शब्दकोश किमतीप्रमाणे चालतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दोनशेच्या आतली बिअर 'पाणचट'. तोच गुण तीनशेला 'लाइट बॉडी' होतो आणि पाचशेच्या पुढे गेला की हॉप्या मान हलवत म्हणतो, "काय संयम आहे!" स्टेला आर्टोआची ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं एकच जाहिरात होती, ती महाग आहे म्हणून निर्धास्त असा, अशा अर्थाची. खुद्द बेल्जियममध्ये ती नेहमीची, साधी बिअर. जाहिरात करणाऱ्याने हॉप्याला पाहिलं नव्हतं, पण ओळखलं होतं.

तरी त्याला ढोंगी म्हणवत नाही. एकदा मायक्रोब्रूअरीत गव्हाच्या बिअरचा ग्लास नाकाशी धरून म्हणाला, "केळं. आणि मागे लवंग." आम्ही हसलो. तिथला बिअर बनवणारा मात्र उठून आमच्या टेबलाशी आला. त्या बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही. तिचं यीस्ट आंबवताना जी द्रव्यं तयार करतं, त्यातल्या एकाला पिकल्या केळ्याचा वास असतो, दुसऱ्याला लवंगेचा. यीस्ट बदला, टाकीचं तापमान बदला, केळं गायब. त्या केळ्याला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते परदेशातून येणाऱ्या हॉप्सना, निव्वळ माल्टवर भागवायला आणि लागर असेल तर ती आठवडेच्या आठवडे थंड टाकीत निजवून ठेवायला. वर सरकारचा कर, बाटली, वाहतूक. यातल्या शेवटच्या तिघांना चव नसते. हॉप्या त्यांचीही चव घेतो.

मग मी एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकून लोकांना पाजली होती. निकाल २००६ मध्ये छापून आला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच आवडली. आधी सांगितलं त्यांनी तोंडं वाकडी केली. पिऊन झाल्यावर सांगितलं त्यांचं मत फारसं हललं नाही. मी हे वहिनींना, म्हणजे हॉप्याच्या बायकोला सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, व्हिनेगर नको, ते मला लोणच्याला लागतं. पेले मी देते."

रविवारी दुपारी स्टीलचे चार पेले आले. रंग दिसू नये, बाटली दिसू नये. वहिनींनी आत ओतलं, बाहेर आणलं आणि भाजल्या पापडाची ताटली मध्ये ठेवून समोर बसल्या.

पहिला पेला. हॉप्याने डोळे मिटले. "म्युनिक." वहिनींनी वहीत लिहिलं. दुसरा, "बरी आहे." चौथा स्ट्राँगचा होता, तो आमच्या मांजरालाही कळला असता. पण तिसऱ्याला तो मध्येच थांबला. पुन्हा हुंगला. "हे काय आहे? जळक्या रबराचा वास येतोय. टाकून दे. शंभराच्या आतलं काहीतरी आहे."

वहिनींनी बाटल्या आणल्या. 'म्युनिक' म्हणजे कोपऱ्यावरच्या शॉपीतली, तांदूळवाली. तिसरी त्याचीच. महिनाभर पैसे साठवून घेतलेली, हिरव्या काचेची, आयात केलेली. ज्या दुकानातून घेतली तिथे ती काचेच्या कपाटात उन्हात मांडून ठेवलेली असे. ऊन लागलं की हॉप्समधला कडवटपणा फुटतो आणि गंधकाचं एक उग्र द्रव्य तयार होतं. तपकिरी काच ते बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारशी नाही. हॉप्याचं नाक अचूक होतं. बाटली खरंच बिघडली होती.

मी मनापासून म्हणालो, "अरे, तू जिंकलास. तू एकट्याने ओळखलंस."

तो बाटलीवरच्या किमतीकडे बघत होता. पेला उचलला, पुन्हा एक घोट घेतला, तोंडभर फिरवला. "तशी वाईट नाहीये," तो म्हणाला. "स्टीलमुळे झालं असेल. काचेचा ग्लास आण गं जरा."

त्या बाटलीतली उरलेली त्याने काचेच्या ग्लासात, तासभर लावून, एकट्याने संपवली. तांदूळवाली आमच्या वाट्याला आली.