सूर्योदयापर्यंत बुधवार

शेळगावच्या माणसाला सबुरी शिकवायला जाऊ नये. आमच्याकडं अडसाली ऊस लावला की सोळा-अठरा महिने ऊस रानात उभा आणि आम्ही बांधावर. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, हे विचारता विचारता आमच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ऊस तयार झाला की तोडीची वाट, तोड झाली की बिलाची वाट. आषाढात तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडं निघते, तिचीही वाट आम्ही फाट्यावर उभं राहूनच बघतो. एवढी साधना केलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की अमुक एक मटण आठ तास मंद आचेवर भाजावं लागतं आणि तेवढा दम धरणं सगळ्यांना जमत नाही, तर तो हसणारच. मी हसलो.

सांगणारा माझा वसईचा मित्र. पुण्यात नोकरीला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. नाताळ झाला की तो घरून डुकराच्या मटणाचा डबा आणायचा. बोटानं नुसतं दाबलं की त्या मटणाचे धागे सुटे व्हायचे आणि रस्सा थेट मनगटापर्यंत यायचा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि पोर्तुगिजांचं तिथलं दोनशे वर्षांचं राज्य संपवलं. जाताना पोर्तुगीज किल्ला ठेवून गेले आणि डुकराच्या मटणात व्हिनेगर घालायची खोडही ठेवून गेले. किल्ला पडका झाला, खोड शाबूत राहिली. त्या डब्याच्या आठवणीवर मी बरीच वर्षं काढली. नोकरी सोडून गावी शेती बघायला लागलो, तेव्हा एका हिवाळ्यात मनानं घेतलं, की हे आता आपल्या रानात करायचं.

घरात करायची सोयच नव्हती. आप्पा माळकरी. बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

"देवाचा तिसरा अवतार भाजाय निघालास व्हय?"

"आप्पा, पहिला अवतार रोज उजनीतनं येतो आन् बाजारात वाट्यावर विकला जातो. त्याला कोण काय म्हणतंय का?"

चिलापीला मत्स्यावतार ठरवणारा हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता. आप्पांनी चष्मा परत लावला आणि हरिपाठ उघडला. आमच्या घरात याचा अर्थ बैठक संपली असा होतो.

बायकोनं विरोध केला नाही, अट घातली. "केकचा ओव्हन न्या रानात. पण मग तो तुमचाच. परत ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचा नाही." अशा रीतीनं आमच्या संसारातली एक वस्तू पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या नावावर झाली.

गावात डुक्कर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उकिरडा येतो. पिढ्यान् पिढ्या डुकरं पाळणाऱ्या वडार-कैकाड्यांकडं आपल्या गावांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती काही मिरवण्यासारखी नाही. पण हेच मटण मोठ्या हॉटेलात काचेच्या बशीतून येतं आणि त्याचं बिल चार आकडी होतं, एवढं मी सांगितल्यावर आमच्या तात्यांची आणि चुलतभावाची नजर ताबडतोब बदलली. दोघंही मोटारीच्या खोलीवर मुक्कामाला यायला तयार झाले.

मटणासाठी पुण्याला कॅम्पात गेलो. दुकानात ऐटीत म्हणालो, "चरबी अजिबात नको." दुकानदारानं सुरा खाली ठेवला. "मग पडवळ घ्या की." नंतर त्यानंच समजावलं. पाठीचं कोवळं, बिनचरबीचं मांस पटकन शिजतं आणि जरा जास्त भाजलं की कोरडं पडतं. सावकाश भाजायचं तर फरा घ्यावा, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा. जनावरानं जन्मभर त्यावर भार दिलेला असतो, त्यामुळं तो चिवट. त्यातले पांढरे तंतू ऐंशी-नव्वद अंशांत काही तास राहिले की विरघळून त्यांचा चिकट रस होतो, आणि लोक ज्याला रसदार म्हणतात ते बहुतेक हेच. डुकराचं मटण कच्चं मात्र खायचं नाही, त्यातून पट्टकृमी पोटात जातात. आतपर्यंत ६३ अंश झाले आणि थोडा वेळ मुरू दिलं की ते खायला निर्धोक होतं. निर्धोक होतं, मऊ होत नाही. ह्या दोन गोष्टींच्या मधे जे काही असतं, त्यात माझी अब्रू गेली.

वसईहून मित्राच्या आईनं फोनवर कृती सांगितली. आदल्या दिवशी मीठ, लसूण, लाल मिरची, व्हिनेगर चोळून ठेव. मग भांड्यात घाल, झाकण लाव, झाकणावर निखारे ठेव आणि आपल्या कामाला लाग. शेवटची तीन वाक्यं मी जुन्या काळातली म्हणून सोडून दिली. माझ्याकडं ओव्हन होता, मटणात खुपसायचा थर्मामीटर होता. शिवाय ऊसपट्ट्यातला माणूस म्हणून मी आपल्या पदरचा गूळ चोळला. चांगला सढळ हातानं.

खरी अडचण वाराची होती. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी आमच्याकडं पाव्हणे. शुक्रवारी तात्यांचा जावई येणार होता आणि जावयाला ह्या भानगडीचा धूरसुद्धा दिसता कामा नये, असं तात्यांचं म्हणणं. राहिला बुधवार. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती, साडेनऊ ते पहाटे साडेपाच. आठ तासांची कृती आणि आठ तासांची लाईट! रात्रीच्या लाईटीवर खूश झालेला इंदापूर तालुक्यातला मी पहिलाच शेतकरी असेन.

"पण बाराला गुरुवार लागंल की," चुलतभावानं शंका काढली.

तात्यांनी ती तिथल्या तिथं निकालात काढली. "बाराला विंग्रजांचा दिवस बदलतो. आपला वार सूर्योदयाला बदलतो, पंचांग बघ. सूर्योदयापर्यंत बुधवारच."

साडेनऊला लाईट आली आणि शिवारातल्या यच्चयावत मोटारी ऑटो स्टार्टरवर एकदम सुरू झाल्या. ओव्हनमधला दिवा पिवळा पडला. व्होल्टेज दोनशेतीसचं एकशेसाठवर आलं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते, म्हणजे चौदाशे वॅटचा ओव्हन सातशेचा झाला. मंद भाजायला निघालेल्या माणसानं यावर पेढे वाटायला हवे होते. मी ओव्हनचं दार उघडून बघायला लागलो. दार उघडलं की साठलेली धग बाहेर, आणि ओव्हनची पुन्हा पहिल्यापासून तयारी. मी उघडायचो थर्मामीटरसाठी, चुलतभाऊ वासासाठी, आणि तात्या आम्ही दोघं उघडतो म्हणून.

तरीही आकडा चढत होता. बाराला चाळीस, दोनला अठ्ठावन्न, तीनला अडुसष्ट. चारला सत्तर. साडेचारलाही सत्तर. पाचला पुन्हा सत्तर. थर्मामीटर बिघडला असं आमचं एकमत झालं. मी तो काढला, धुतला आणि चुलतभावाच्या काखेत दिला. छत्तीस दाखवलं. म्हणजे थर्मामीटर ठीक होता, भाऊही ठीक होता, मटणच अडून बसलं होतं.

मागाहून कळलं की ते अडतंच. सत्तरच्या आसपास मटणातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत राहतं आणि माठातलं पाणी गार राहावं तसं मटण स्वतःला गार ठेवतं. बाहेरून येईल तेवढी धग वाफेवर खर्च होते आणि आकडा तासन् तास जागचा हलत नाही. अमेरिकेतले बार्बेक्यूवाले याला स्टॉल म्हणतात. त्यावर उपाय दोनच, थांबायचं, नाहीतर मटण झाकून टाकायचं. आम्ही तिसरा काढला.

साडेपाचला लाईट गेली. सूर्योदय सातच्या सुमाराला. तात्या पूर्वेकडं तोंड करून बसले आणि दर पाच मिनिटांनी म्हणायला लागले, "फटफटतंय बरं का." हुरड्यासाठी केलेली आगटी शेजारीच होती. जन्मभर आगटीत कणसं भाजलेला माणूस मी, फऱ्याचं काय घेऊन बसलात! आगटीला गोवऱ्या लागतात, पण गोवऱ्यांचा निखारा पडायला वेळ लागतो आणि वेळ तर गुरुवारकडं निघाला होता. खोलीमागं उसाच्या वाळक्या पाचटाचा ढीग होता. ओव्हनची जाळी आगटीवर ठेवली, वर फरा, खाली पाचट, आणि काडी ओढली.

जाळ खोलीच्या पत्र्याच्या वर गेला. सढळ हातानं चोळलेला गूळ आधी फसफसला, मग काळा पडला, मग पेटला. पाचटही उसाचं, गूळही उसाचा. ज्या पिकावर आमचं घर चालतं, त्यानंच दोन्ही बाजूंनी घात केला.

"ऊस पेटला! ऊस पेटला!" असा ओरडा झाला आणि शिवारातून माणसं बादल्या घेऊन धावली. शेजारचा बांधकरी सगळ्यात पुढं. ऊस जागेवर आहे हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि संशय वर आला. "तोड मिळंना म्हणून पेटवत होतास का रं?" आमच्याकडं हे काही अगदीच अशक्य नाही. जळालेल्या उसाला कारखाना पैसे कापतो, पण तोड आधी देतो. दुसऱ्यानं जाळीवरचा काळा ठोकळा पाहून आवाज बारीक केला. "रानडुक्कर मारलंस? आरं, केस हुईल." कडबनवाडीचं चिंकाऱ्यांचं माळरान इथून जवळच, त्यामुळं १९७२चा वन्यजीव कायदा आमच्याकडं पोरांनाही माहीत. शेवटी मी पाकिटातून कॅम्पातल्या दुकानाची पावती काढून सगळ्यांना फिरवून दाखवली. पहाटे बॅटरीच्या उजेडात जमाव ती वाचत होता. भाव वाचून काहीजण म्हणाले, रानडुकराचा दंड परवडला असता.

तेवढ्यात सूर्य उगवला. तात्यांनी हात जोडले, "गुरुवार लागला" म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. मी सुरी लावली. वर बोटभर कोळसा, त्याखाली नीट शिजलेलं पण दाताला दाद न देणारं मांस. एक घास मी चावत राहिलो. गर्दी पांगली तरी चावत होतो.

रागानं कोळसा खरवडून टाकला. फरा पातेल्यात घातला, उरलेला मसाला आणि पाणी ओतलं, झाकण लावलं, झाकणावर दगड ठेवला आणि पातेलं आगटीच्या राखेत गोवऱ्या लावून पुरलं. तेही स्वयंपाक म्हणून नाही, नजरेआड व्हावं म्हणून. मग बांधकऱ्याची समजूत काढायला गेलो. तिथून आप्पांनी वालचंदनगरला खतासाठी पिटाळलं. गुरुवारी माणसाला कामं बरी सुचतात त्यांना. दुपार कलल्यावर पातेल्याची आठवण झाली. झाकण काढलं आणि हाड धरून उचललं, तर हातात नुसतं हाड आलं. मांस खालीच राहिलं होतं, रसात, धागे सुटे होऊन.

झाकणामुळं वाफ बाहेर पडली नाही, आकडा अडला नाही, हे त्यातलं शास्त्र. पण मला त्याहून टोचली ती दुसरी गोष्ट. कालव्याचं दार आमच्या हातात नसतं, तोडीची चिठ्ठी नसते, लाईटीचं बटण नसतं. म्हणून आम्ही थांबतो आणि त्याला सबुरी म्हणतो. आयुष्यात एकदाच दार माझ्या हातात आलं, तर रात्रभर मी ते उघडत बसलो.

खाणार कोण, हा प्रश्न होताच. गुरुवार होता. तात्यांना दाखवायला नेलं. त्यांनी तोंडात घातलं नाही, एका बोटानं दाबून पाहिलं आणि बराच वेळ त्या बोटाकडं बघत बसले.

"बाराला ऊन करून ठेव," ते हळूच म्हणाले.

"पण तात्या, आपला वार सूर्योदयाला—"

"आरं, बँकेत तारीख कवा बदलती? कोर्टात कवा बदलती? बाराला. येडा का खुळा तू?"

रात्री बारा वाजून एक मिनिटानं मोटारीच्या खोलीवर शुक्रवार उजाडला. जावई यायच्या आत पातेलं रिकामं झालं. चुलतभावानं हाडसुद्धा सोडलं नाही.

पुढच्या बुधवारचा बेत तात्यांनी तिथंच ठरवला. फरा मी आणायचा, पैसे मी द्यायचे, पातेलं पुरून द्यायचं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी रानात पाऊल टाकायचं नाही, आणि यावर लक्ष ठेवायचं काम आप्पांकडं. आप्पा माळकरी असले तरी ह्या एका कामाला तयार आहेत.