‘ग्रीन’ बिल्डरसाहेबांस अनावृत पत्र

आदरणीय बिल्डरसाहेबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आमची तीन मजली इमारत आपण पाडलीत, त्याबद्दल प्रथम आभार. खांब धड होते, गळत होती फक्त गच्ची. पण गच्ची दुरुस्त करून वाढीव एफएसआय थोडाच मिळतो! राडारोडा रातोरात नदीकाठी पोचवण्याची आपली तत्परताही वाखाणण्यासारखी.

नव्या टॉवरच्या ब्रोशरवर आपण पिंपळाचं पान छापलंत, आम्ही भारावलो. सिमेंटचं क्लिंकर १४५० अंशांवर भाजताना टनामागे ८०० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडीतूनच सुटतो, म्हणजे भट्टीचं इंधन बदललं तरी तो टळत नाही. आपण मात्र गच्चीवर चार सोलर पॅनल ठोकून सगळा हिशेब मिटवलात. केवढं हे औदार्य!

पार्किंगच्या पोडियमबद्दल काय बोलावं? गाड्यांना वळायला अडचण नको म्हणून वरचे कॉलम खालपर्यंत न आणता पुरुषभर उंचीच्या तुळयांवर तोललेत. माणसांसाठी कुणी एवढं सिमेंट-लोखंड ओतलं नसतं, साहेब.

भिंतींत विटा नाहीत. मायवानचे साचे लावून सगळं काँक्रीट. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री अकराला भिंतीला हात लावावा तर ती कोमट लागते. एप्रिलमध्ये एवढी ऊब कोण देतं हो? साधा खिळा मात्र शिरत नाही. कॅलेंडर टांगायलाही ड्रिलवाला लागतो, तेवढाच एकाला रोजगार.

खिडक्यांवरचे छज्जे ‘एलिव्हेशन’ला शोभेनात म्हणून उडवलेत आणि छतापर्यंत काच दिलीत. उजेड भरपूर आला; म्हणून भर दुपारी जाड पडदे ओढून, दिवे लावून बसतो. एसीच्या पाइपसाठी भोक मात्र आधीच पाडून ठेवलंत. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आपला अभ्यास दांडगा, हे आम्ही जाणतो. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे १५ वॅटच्या आत असावी, असं इको निवास संहिता २०१८पासून सांगते. औष्णिक केंद्रांतली राख पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत चालते, आणि कोराडी-चंद्रपूरला राखेचा तोटा नाही. भाजलेली माती आणि चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या एलसी-३ सिमेंटला २०२३मध्ये भारतीय मानकही मिळालं. इतकं सगळं हाताशी असताना एकाही गोष्टीला हात लावला नाहीत, हा संयम ऋषिमुनींनाही जमला नसता.

एकच विनवणी. करारनाम्यात नळांची कंपनी छापता, लिफ्टची छापता. त्याखाली दोन ओळी वाढवा: सिमेंट कुठलं आणि चौरस मीटरमागे किती, लोखंड किती, आणि भिंतीतून ऊन किती. शाई फारशी लागणार नाही.

कळावे. लोभ आहेच, तो यापुढे वाढू नये.

आपला कृपाभिलाषी,
एक सभासद

ता. क. (वाचकांसाठी) : बुकिंगचा चेक फाडण्याआधी या दोन ओळी मागून घ्या, आणि तेही नकाशा पास होण्याआधी. वीजबिल पुढेमागे कमी करता येईल. स्लॅब ओतला की त्याचा कार्बन कायमचा हवेत गेलेला असतो.