माफीचं खातं

नानांनी आपल्याला माफ केलंय हे कानावर येईपर्यंत, आपण त्यांचं काही बिघडवलं होतं याचा माणसाला पत्ताच नसतो. सकाळी दुधाची पिशवी आणायला उतरावं, जिन्यात नाना भेटावेत आणि खांद्यावर हात ठेवून त्यांनी म्हणावं, "मनात काही ठेवू नकोस हं. मी सोडून दिलंय सगळं." झालं. दिवसभर आपण आठवत बसतो. गाडी आडवी लावली होती का? गॅलरीतलं पाणी खाली गळलं का? नाना सांगत नाहीत. सांगितलं तर ती तक्रार झाली, आणि तक्रार करणं त्यांनी सोडलंय. मग दोन-तीन दिवसांनी इकडून तिकडून कळतं की, मुलीच्या साखरपुड्याचे पेढे आपण आधी तिसऱ्या मजल्यावर दिले आणि नंतर पहिल्यावर. नाना पहिल्या मजल्यावर राहतात.

नानांची उभी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्जवसुलीत गेली. कर्ज राइट ऑफ करणं आणि कर्ज माफ करणं यांतला फरक सोसायटीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, तो त्यांच्यामुळे. बुडीत कर्ज ताळेबंदातून काढायचं असतं. वसुली सोडायची नसते. घेणेकरी दारात उभा राहायचा तो राहतोच. निवृत्तीनंतर नाना अध्यात्माकडे वळले आणि क्षमा हाच आपला मार्ग असं त्यांनी ठरवलं, तेव्हा त्यांना नवीन असं फारसं काही शिकावं लागलं नाही.

लाल पुठ्ठ्याची लांबट चोपडी आहे त्यांच्याकडे. रकाने आखलेले: नाव, प्रसंग, तारीख, क्षमा केल्याची तारीख, शेरा. मला एकदा त्यांनी ती दाखवली, अर्थात दुसऱ्याचं पान काढून. ते धाकट्या भावाचं होतं. गावच्या घराच्या वाटणीत आजीचा तांब्याचा बंब भावाकडे गेला, ही नोंद. क्षमेच्या रकान्यात गेल्या गुढीपाडव्याची तारीख आणि शेऱ्यात सुवाच्य अक्षरात: "बंब अद्याप त्याचेकडेच." त्याखाली मेहुण्याच्या लग्नात आहेर करताना आपल्याला टॉवेल-टोपी आणि दुसऱ्या जावयाला सफारीचं कापड मिळाल्याची नोंद होती. तिथला शेरा: "क्षमा फोनवरून कळविली. उत्तर नाही. पुन्हा कळविली."

"नाना, माफ केल्यावर लिहून कशाला ठेवायचं?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी थेट पैठण गाठलं. नाथमहाराज गोदावरीवरून स्नान करून येत, एक जण त्यांच्या अंगावर थुंके, महाराज न रागावता पुन्हा नदीवर जात. असं एकशे आठ वेळा झालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. "एकशे आठ!" नाना म्हणाले. "मोजले कोणी? नाथांनीच ना? मोजल्याशिवाय क्षमा कितीची केली ते कळणार कसं?" मला वाटतं मोजणारा थुंकणाराच असावा, पण हे मी बोललो नाही. चोपडीत माझंही पान आहे.

वाचनही दांडगं आहे त्यांचं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे 26 गुण सांगितलेत, त्यात क्षमा येते ती तिसऱ्या श्लोकात. नानांनी त्या शब्दाखाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्यात. आदल्याच श्लोकात 'अपैशुनम्' आहे, म्हणजे कुणाची पाठीमागे चहाडी न करणं. तिथपर्यंत लाल शाई पोचलेली नाही. पुरली नसेल.

मध्यंतरी ते इगतपुरीला जाऊन आले. धम्मगिरीचा दहा दिवसांचा विपश्यनेचा वर्ग. पहाटे चारची घंटा, संध्याकाळी नव्या साधकांना चहा-फळं, बोलणं बंद, वाचणं-लिहिणं बंद. चोपडी नेता येणार नाही कळल्यावर त्यांनी ती जायच्या आधी तोंडपाठ केली, असं काकू सांगतात. शेवटी दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो अशी मैत्रीची साधना शिकवतात. नानांनी ती मनापासून केली असणार, कारण फोन हातात पडताच त्यांनी भावाला, मेहुण्याला आणि एका जुन्या शाखाधिकाऱ्याला लागोपाठ फोन लावले. "दहा दिवस तुमचाच विचार करत होतो," अशी सुरुवात केली. तिघांनीही घाबरून प्रकृतीची चौकशी केली. मेहुणा तर गाडीच काढत होता.

राग येत नाही असं नाही. येतो, पण नाना तो कुणावर काढत नाहीत, आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि मुक्ताबाईंनी ती उघडायला लावली, ही आख्यायिका त्यांना फार जवळची. त्यांची अपेक्षा एवढीच की बाहेरून कुणीतरी विनवावं. काकू टीव्हीचा आवाज जरा मोठा करतात. नऊच्या सुमारास ओरडून सांगतात, "अहो, आमटी गरम आहे तोवर या. मग पुन्हा गॅस पेटवायची नाही मी." ताटी उघडते.

माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. ज्याला ते माफ करतात त्याच्या घरी आजारपण आलं तर थर्मास घेऊन दवाखान्यात पहिले पोचणारे नानाच. रात्र रात्र खुर्चीत बसतील. फक्त शुद्धीवर आल्याबरोबर रोग्याच्या कानावर घालतात, "मी जुनं काही मनात ठेवलं नाही बघ."

यंदा मात्र पंचाईत झाली. आमच्या वरच्या मजल्यावर एक शेठ राहतात, श्वेतांबर जैन. त्यांचं पर्युषण संपतं ते आपल्या गणपतीच्या आगेमागे. संवत्सरीला प्रतिक्रमण झालं की ते आपल्या माणसांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, म्हणजे माझ्याकडून कळत-नकळत झालेलं दुष्कृत्य निष्फळ होवो. ऋषिपंचमीच्या सकाळी, आठ दिवसांच्या उपासाचं पारणं करून, शेठ एकेक दार वाजवत नानांकडे आले. मी गणपतीच्या दर्शनाला तिथेच बसलो होतो.

शेठनी हात जोडले. नानांचा चेहरा उजळला. आजवर लोकांना शोधून शोधून माफ करावं लागत होतं. आज माणूस आपल्या पायांनी आलेला. "बसा," म्हणाले, चष्मा लावला आणि चोपडी उघडली. पाण्याच्या टाकीची झडप बंद न करणं. जिन्यातली चप्पल. सोसायटीच्या सभेत नाना बोलत असताना जांभई देणं, दोनदा. शेठ मान डोलावत ऐकत होते. "हे तर मला ठाऊकच नव्हतं, नानासाहेब. बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले, आणि हात तसेच जोडून वाट पाहत राहिले.

"आणखी काय?" नाना म्हणाले.

"नाही, आता तुमचं सांगा ना."

"माझं काय?"

"म्हणजे आमच्यात दोघंही मागतात. मी तुमच्याकडे, तुम्ही माझ्याकडे."

नाना चोपडीची पानं उलटू लागले. तसला रकानाच नव्हता. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मी सांगू का?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ऋषीच्या भाजीत सुरण होता, शेठना चालणार नाही म्हणून त्या नुसता चहा घेऊन येत होत्या. "शेठना सांगायचं ते नंतर. आधी माझ्यापासून सुरुवात करा."

"तुला मी केव्हाच माफ केलंय," नाना म्हणाले.

"मला? कुठंय ते? या चोपडीत तर माझं नाव दिसत नाही."

"तुझी वेगळी वही आहे," नाना हळूच म्हणाले.

"ती निळी?" काकूंनी शेठपुढे कप ठेवला. "कपाटावरची? ती भरली हो. जूनपासून मी त्यात दुधाचा हिशेब लिहितेय."