मतदान अधिकारी क्रमांक दोन

पुतण्याने टूथब्रश अर्धा कापला, ही बातमी आमच्या वडशाला आधी पोचली. तो साडेतीन हजार किलोमीटर पायी चालायला निघालाय, हे नंतर कळलं. अमेरिकेत अपालाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावर सुरू होते, 14 राज्यं ओलांडून मेनमधल्या कटाहदिन शिखरावर संपते. 1948 साली अर्ल शेफर नावाचा गडी ती एका दमात चालून गेला, तेव्हापासून लोक हौसेनं जातात. पाच-सहा महिने लागतात.

"काका, पाठीवर एकेक ग्रॅम मोजावा लागतो," पुतण्या फोनवर म्हणाला.

वहिनी मागून ओरडली, "कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढायचा मेला!"

ब्रशची दांडी कापणाऱ्या या वीराने आंब्याच्या लोणच्याची बरणी मात्र सोबत ठेवली होती. तिकडे वाटसरू एकमेकांना टोपणनावं देतात. ते नाव मिरवायचं असतं म्हणे. याचं पडलं 'पिकल'.

माझं टोपणनाव निवडणुकीच्या आदेशावरच छापून आलं: मतदान अधिकारी क्रमांक दोन. साल 2019. गडचिरोली-चिमूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, 11 एप्रिलला. रजा घेऊन चालणारा तो आणि रजा नामंजूर होऊन चालणारा मी, असे आमच्या घराण्यातले दोन पदयात्री एकाच महिन्यात मार्गस्थ झाले.

"काका, नवे बूट घालू नका," त्याने बजावलं होतं. म्हणून मी पोराचे जुने घातले. एक नंबर लहान होते. "चालून चालून सैल होतात," असं पोरगं म्हणालं. सैल झालं ते माझ्या अंगठ्याचं नख.

तळापर्यंत हेलिकॉप्टरने नेलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानासारख्या कशात तरी चढलो आणि भीतीने डोळे मिटून बसलो, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. पुढे नऊ किलोमीटर पायी.

पुतण्याचा ग्रॅमचा हिशेब मला तिथे आठवला. बॅलट युनिट, कंट्रोल युनिट, व्हीव्हीपॅट अशा तीन पेट्या. पुठ्ठ्याचा आडोसा. लाखेची कांडी, ती वितळवायला मेणबत्ती, पितळी शिक्का, फॉर्मांचे गठ्ठे, म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली शाईची इवलीशी बाटली. ती लवंडू नये म्हणून वाटीत वाळू भरून तिच्यात रोवायची असते. यातलं कापून अर्धं करण्यासारखं काहीच नव्हतं. शाई माझ्याकडे, म्हणून बाटली माझ्या खिशात. दर शंभर पावलांवर मी खिसा चाचपत होतो. शर्टावर सांडली असती तर पुढच्या निवडणुकीपर्यंत मिरवली असती.

तिकडे वाट चुकू नये म्हणून झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात. पट्टा दिसला की हायसं वाटतं, असं पुतण्या सांगतो. आमच्या पुढे जवान होते आणि त्यांचा पहिला नियम असा, की मळलेली वाट धरायचीच नाही. सुरुंगाची भीती मळलेल्या वाटेलाच. त्यामुळे पायवाट डावीकडे स्वच्छ दिसत होती आणि आम्ही उजवीकडून, वाळल्या सागपानांवर पापड मोडल्यासारखा आवाज करत, तेंदूच्या झुडपांतून वाकून जात होतो.

वाटाड्या म्हणून गावचे पोलीस पाटील आले होते. पायात टायरच्या चपला, खांद्यावर आमची एक सतरंजी, घामाचा थेंब नाही.

"पाटील, किती राहिलं?"

"जवरच हाये, गुर्जी."

हे मी पाच वेळा विचारलं. पाचही वेळा गाव जवरच होतं. आमच्याकडे 'जवळ' हे अंतराचं माप नसून समोरच्याचा चेहरा पाहून द्यायचं औषध आहे.

पोचलो तेव्हा गुडघे माझे राहिले नव्हते. शाळेच्या पडवीत आडवा झालो. पहाटे लक्षात आलं की ब्रश घरीच राहिलाय, अख्खा. पाटलांनी करंजाची काडी मोडून दिली. दात घासून ती फेकून दिली आणि वजनाच्या बाबतीत पुतण्याला कायमचं मागे टाकलं.

मतदान सात ते तीन. आमचं अभिरूप मतदान चाललेलं असतानाच, साडेसहाला, दारात एक म्हातारी येऊन बसली. डोंगरापलीकडच्या पाड्यावरची; अंधारातच निघाली असेल. सोबत नातू, काखेत रिकामी टोपली. परतताना मोहफुलं वेचायची होती, त्यामुळे तिला घाई.

सात वाजता पहिला अंगठा तिचाच. मग डावी तर्जनी धरली. बोट म्हणजे सालपट निघालेली काठी. शाईची रेघ ओढली तर ती भेगांत उतरली आणि नदीच्या नकाशासारखी फाटे फुटत गेली. ती बोट बघत नव्हतीच. टेबलाखाली माझे पाय बघत होती. बूट काढलेले, अंगठ्याला चिंधी, दोन्ही टाचांना फोड.

नातवाला आणि मग पाटलांना ती माडियात काहीतरी म्हणाली. पाटील हसू दाबत भिंतीकडे वळले.

"काय म्हणते आजी?"

"काही नाही, गुर्जी."

"सांगा हो."

"इचारते, गुर्जीले घरी पोचवाले कोन येनार हाये?"